वयात येताना: मुलामुलींचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत वयात येण्याबद्दल बोलायला गेले की तास संपायच्या आधी मी बिस्किटांचा एक रिकामा डबा वर्गात फिरवते. प्रत्येकाने त्यात चिठ्ठी टाकायचीच. विचारायचं काही नसेल तर कोरी टाकायची. त्यामुळे कुणी विचारलं ते कुणालाच कळत नाही. मुलं नाव लिहीत नाहीत, पण घाबरलीत ते अक्षरावरूनही कळतं. खालचे बरेचसे प्रश्न त्या चिठ्ठ्यांमधले, दरवर्षी येणारे. काही प्रश्न तास संपल्यावर फाटकापाशी थांबलेल्या आईबाबांचे. मुलांशी ‘तू’ म्हणून बोलले आहे, पालकांशी ‘तुम्ही’ म्हणून.

इतक्या चिठ्ठ्या वाचून माझं एक मत पक्कं झालंय. यातली बरीच भीती आपल्या शब्दांतून येते. ‘अडचण’, ‘दोष’, ‘धातू जाणं’, ‘ती जागा’ हेच शब्द कानावर पडलेलं मूल स्वतःच्या शरीराला घाबरणारच. म्हणून इथे प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाने हाक मारली आहे.

वयात येणं म्हणजे नेमकं काय? ते सुरू कोण करतं?

मेंदू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. बालपणी बरीच वर्षं तो शांत असतो. मग एके दिवशी तो जागा होतो आणि सुरुवातीला फक्त रात्री, झोपेत, थोड्या थोड्या वेळाने एक संप्रेरक (हार्मोन) सोडू लागतो. हा निरोप वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीला मिळतो आणि तिच्याकडून तो मुलींच्या बीजकोशांना, मुलांच्या वृषणांना पोचतो. बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात, वृषणं टेस्टोस्टेरॉन. काखेतले आणि जांघेतले केस, घामाचा बदललेला वास यांच्यामागे मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचाही हात असतो. त्यामुळे एखाद्याला केस आधी येतात आणि बाकीचे बदल मागाहून.

मुलींमध्ये सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात होते, मुलांमध्ये ९ ते १४. मुलींची पहिली खूण म्हणजे स्तनाग्राखाली येणारी छोटी गाठ. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. मुलांमध्ये आधी वृषणं मोठी होतात, आणि हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मिसरूड आणि फुटलेला आवाज ही बरीच पुढची गोष्ट. जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६०च्या दशकात या वाढीचे पाच टप्पे नीट मांडले, आणि आम्ही डॉक्टर आजही तेच वापरतो. टप्प्यांचा क्रम बहुतेकांमध्ये सारखाच असतो. कोण कधी सुरू करेल आणि किती वर्षं घेईल, हे मात्र ज्याचं त्याचं.

वर्गात सगळ्यांना मिसरूड फुटलं, मलाच नाही. मी पुरुष होणार ना?

होणार. बाबांना, मामांना, काकांना विचार की त्यांची उंची कधी वाढली. बऱ्याचदा कुणीतरी म्हणतं, ‘मीही दहावीनंतरच वाढलो.’ उशिरा सुरू होणं घराण्यात असतं, आणि अशी मुलं पुढे इतरांची बरोबरी करतात.

तरी डॉक्टरांना कधी दाखवायचं त्याच्या रेषा ठरलेल्या आहेत. मुलाची वृषणं १४ वर्षांपर्यंत वाढायला लागली नाहीत, मुलीच्या स्तनांची वाढ १३ पर्यंत सुरू झाली नाही, किंवा पाळी १५ पर्यंत आली नाही, तर तपासून घ्यावं. उलट बाजूलाही रेषा आहे: मुलीमध्ये ८च्या आधी आणि मुलामध्ये ९च्या आधी बदल दिसू लागले तर थांबू नये. मुलांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ गरज असेल तर इंजेक्शनं देऊन ही घाई काही वर्षं थांबवू शकतात.

पालकांना एक विनंती. नऊ-दहा वर्षांची मुलगी अंगाने भरली म्हणून ती ‘मोठी’ होत नाही. तिचं वय तेवढंच असतं. तिचं खेळणं बंद करू नका.

माझ्या छातीत एकाच बाजूला गाठ आली आहे. दाबलं की दुखते. कॅन्सर आहे का?

सहावीतल्या मुलींची ही सगळ्यांत जास्त येणारी चिठ्ठी. नाही, कॅन्सर नाही. स्तनांची वाढ अशीच सुरू होते आणि पुष्कळदा आधी एकाच बाजूला. दुसरी बाजू काही महिन्यांत मागोमाग येते. दोन्हींत थोडा फरक कायमचा राहिला तरी ते नेहमीचंच आहे.

मी मुलगा आहे, पण माझीही छाती वाढलीये. मी पोहायला जाणं सोडलं.

बाळा, निम्म्या मुलांना हे होतं. या वयात मुलांच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं, आणि टेस्टोस्टेरॉनचं पारडं जड होईपर्यंत स्तनाग्राखाली गाठ येऊ शकते. दुखतेही. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. ती खूप मोठी असेल, दोन वर्षांनंतरही राहिली, किंवा स्तनाग्रातून काही द्रव येत असेल तर डॉक्टरांना दाखव. जिममध्ये कुणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शनं घेत असशील तर आधी ती बंद कर, त्यांनीही हे होतं.

वर्गात या मुलांना जी नावं ठेवतात ती मला माहीत आहेत. शिक्षकांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

पाळी म्हणजे काय, आणि किती रक्त गेलं तर ते ‘जास्त’?

दर महिन्याला गर्भाशय आतून मऊ अस्तर तयार करतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर योनिमार्गातून बाहेर येतं. तेच आपण पाळी म्हणतो. हे रक्त घाण नसतं, अंगातली उष्णता नसते, साठलेलं विष नसतं. तपकिरी, गडद लाल, थोड्या गाठी असलेलं, यातलं काहीही चालतं.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असते, कारण मेंदू आणि बीजकोश यांचं गणित अजून जमत असतं. या वयात २१ ते ४५ दिवसांनी येणारी आणि सात दिवसांपर्यंत राहणारी पाळी ठीक आहे. तासाभरात पॅड भिजून बदलावा लागत असेल आणि असं काही तास चाललं असेल, सातपेक्षा जास्त दिवस रक्त जात असेल, चक्कर येत असेल, किंवा पाळी तीन महिने आलीच नाही, तर दाखवायचं. पहिल्याच पाळीपासून फार रक्त जाणाऱ्या काही मुलींमध्ये रक्त गोठण्याचा जन्मजात आजार निघतो, तेव्हा ‘सुरुवातीला होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये.

आणि लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात लाली कमी आढळली. मुलांमध्येही ३१.१ टक्के. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी बाकाखाली टाकू नकोस. जेवणानंतर घेतलीस तर मळमळ कमी होते, आणि शी काळी झाली तर घाबरायचं कारण नाही.

सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. मुलगी चौदा वर्षांची आहे. आता हिचं लग्न, मूलबाळ?

हा प्रश्न आयांचा, आणि तो मला हल्ली फार ऐकू येतो. पीसीओडी म्हणजे संप्रेरकांचं गणित बिघडल्याने होणारा बीजकोशांचा त्रास. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीच्या बीजकोशांत अनेक छोटे बुडबुडे दिसणं हे त्या वयाचंच लक्षण आहे. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. किशोरवयात दोन गोष्टी बघायच्या: पाळी त्या वयाच्या मानानेही फार लांबते का, आणि हनुवटीवर, छातीवर राठ केस किंवा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आहे का. दोन्ही असतील तर नीट उपचार घ्या. नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून चौदा वर्षांच्या मुलीला ‘तुला मूल होणार नाही’ असं कुणी सांगितलं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. निदान पक्कं झालं तरी त्याचा अर्थ मूल होणार नाही असा होत नाही.

पाळीत पोट इतकं दुखतं की शाळा बुडते. सहन करायचं का?

नाही. पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं आणि कळा येतात. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी ती द्रव्यंच कमी करते, म्हणून दुखायला लागताच, काहीतरी खाऊन घेतली तर जास्त उपयोग होतो. तुला कोणती आणि किती चालेल ते एकदा डॉक्टरांना विचारून ठेव. गरम पाण्याची पिशवीही खरोखर काम करते. इतकं करूनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर तपासणी हवी. ‘लग्न झालं की थांबेल’ हा उपचार नव्हे.

अंगावरून पांढरं जातं. हाडं झिजतात का?

हाडांचा याच्याशी काही संबंध नाही. योनी स्वतःला ओलं आणि स्वच्छ ठेवते, तो हा स्राव. पहिली पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधीपासून तो दिसू लागतो, आणि पुढे महिन्यातल्या दिवसांप्रमाणे कधी पातळ, कधी चिकट असतो. खाज, घाण वास, दह्यासारखा किंवा हिरवा-पिवळा स्राव, लघवीला आग, असं असेल तर औषधाने बरं होतं. योनीच्या आत साबण किंवा जाहिरातीतली ‘वॉश’ घालायची गरज नाही. बाहेरून साधं पाणी पुरे.

याबद्दल मी दरवेळी जास्त बोलते, त्याला कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं तरुणपणीच काढून टाकली गेली, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रासमोर आलं. कामाचे खाडे परवडत नव्हते हे त्यामागचं मोठं कारण. पण ‘पांढरं जातं, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर होकार दिलेल्या बायकाही त्यात होत्या. पांढरं जाणं म्हणजे काय हे सातवीतच कळलेली मुलगी पुढे असा होकार सहज देणार नाही.

पाळीत देवाला, लोणच्याला, पापडाला हात लावला तर?

लोणचं खराब होतं ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने किंवा बरणीत तेल कमी पडल्याने. पाळीतल्या हातांतून असं काहीही बाहेर पडत नाही.

देवाचं मी तुमच्यावर सोडते. तुमच्या घराच्या श्रद्धेत मी शिरत नाही. पण ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला कोपऱ्यात, गोठ्यात, गावाबाहेरच्या झोपडीत बसवणं हा तिच्या तब्येतीचा प्रश्न आहे. गडचिरोलीत माडिया-गोंड गावांतल्या कुर्माघरांमध्ये थंडी-पावसात, सापा-विंचवांत राहिलेल्या मुलींचे हाल सगळ्यांना माहीत आहेत.

गणपतीत पाळी येणार आहे. पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणू का?

स्वतःहून नको. ही गोळी संप्रेरकाची असते. काहीजणींना, विशेषतः पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, घरात कुणाला झाली असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकून येणारी अर्धशिशी असेल, यकृताचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टर हे प्रश्न विचारतात, काउंटरवर बहुधा कुणी विचारत नाही. गौरी-गणपती, लग्नं, सहली असं वर्षातून चारदा गोळ्या खाणाऱ्या नववीतल्या मुली मी पाहते, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना गोळी आईनेच आणून दिलेली असते. आयांनो, एक दिवस आरतीला ती मागे उभी राहिली तर काय होईल, एवढाच विचार करून बघा.

पॅड, कापड की कप?

परवडेल आणि सोयीचं वाटेल ते. पॅड चार ते सहा तासांनी बदल. कापड सुती हवं, साबणाने धुऊन उन्हात वाळवलेलं. दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट ठेवलेलं कापड त्रास देतं. कपही चालतो, फक्त सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात.

वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढ. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी ही साधी मागणी केली होती, कारण ते पुडकं उघडावं लागतं त्यांच्या हातांना.

मला स्वप्नदोष होतो. वीर्य जाऊन मी कमजोर होईन का?

मुलांच्या डब्यात निम्म्या चिठ्ठ्या याच. पहिल्यांदा तो ‘दोष’ शब्द पुसून टाकू. झोपेत वीर्य बाहेर येणं हे स्वप्नस्खलन. वृषणं शुक्रजंतू बनवू लागली एवढीच ती बातमी. तुझ्या वयात ते महिन्यातून कधीतरी होईल, आठवड्यातून दोनदा होईल किंवा कधीच होणार नाही; तिन्ही ठीक. सकाळी चड्डी ओली दिसली तर स्वतः धुऊन टाक.

आता कमजोरीचं. ‘अन्नाच्या चाळीस थेंबांतून रक्ताचा एक थेंब आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक’ हा हिशेब तू कुठेतरी ऐकला असशील. तो चूक आहे. वीर्य रक्तापासून आटवून बनत नाही. त्यात बहुतेक पाणी असतं, थोडी साखर, थोडी प्रथिनं. एका वेळी सगळं मिळून चमचाभर. शुक्रजंतू पिकायला सुमारे अडीच महिने लागतात, पण नवे रोज, अखंड तयार होत असतात. साठवून ताकद वाढत नाही आणि गेल्याने कमी होत नाही.

या भीतीने माणूस खरोखर आजारी पडतो, हे मात्र खरं. थकवा, पाठदुखी, अभ्यासात लक्ष नाही, आणि सगळ्याचं कारण ‘धातू जातो’. डॉ. एन. एन. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. उपचार म्हणजे खरी माहिती आणि मनाची काळजी. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेले ‘गुप्तरोग’वाले दवाखाने हीच भीती विकतात. त्यांच्या पुड्या घेऊ नकोस. त्यात काय असतं ते सांगितलं जात नाही.

आणि हस्तमैथुन? पाप आहे का?

शरीराला त्याने इजा होत नाही. डोळे जात नाहीत, केस गळत नाहीत, शिश्न वाकडं होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. मुलीही करतात, त्यांनाही काही होत नाही. एकांतात आणि स्वच्छ हातांनी, एवढाच नियम. अभ्यास, खेळ, झोप सोडून दिवसभर तेच डोक्यात राहत असेल, किंवा केल्यावर स्वतःचा राग येऊन रडू येत असेल, तर समुपदेशकाशी बोल. न करणाऱ्याचंही काही बिघडत नाही.

हे उत्तर मराठीत छापणं एके काळी गुन्हा ठरलं होतं. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचकांनी विचारलेल्या अशाच खासगी प्रश्नांना त्यात उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला न्यायालयात उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, आणि ते १९५३ साली जाईपर्यंत मासिक काढत राहिले. मी डबा उघडते तेव्हा मला अनेकदा त्यांची आठवण होते.

माझं लहान आहे. वाढवायचं तेल असतं का?

असं कोणतंही तेल, गोळी किंवा पट्टा नाही. शिथिल असताना दिसणाऱ्या आकाराला काही अर्थ नसतो. थंडीत तो आणखी कमी होतो. वाढ सतरा-अठरापर्यंत चालू राहते. एक वृषण दुसऱ्याहून खाली लोंबणंही नेहमीचं. शिश्नावरची त्वचा अजिबात मागे येत नसेल, लघवी करताना फुगत असेल किंवा मागे जाऊन अडकली असेल तर डॉक्टर. जोर लावून ओढू नकोस.

वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर?

हे उत्तर प्रत्येक मुलाने आणि बापाने पाठ करावं. एका वृषणात एकाएकी भयंकर कळ, सूज, मळमळ किंवा उलटी: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. मुलं लाजून रात्र काढतात, सकाळी ‘पोटात दुखतंय’ म्हणतात आणि वेळ निघून जाते. मध्यरात्र असली तरी घरच्यांना उठव, सांग, हॉस्पिटल गाठ. ‘माझ्या वृषणात दुखतंय’ हे तीन शब्द मुलाला तोंडाने म्हणता आले पाहिजेत.

मुरुमं?

तैलग्रंथी संप्रेरकांनी जास्त काम करू लागतात आणि छिद्रं बुजतात. फोडू नकोस, डाग राहतात. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धू. गोरं करणारी म्हणून मेडिकलमधून आणलेली मलमं लावू नकोस. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, आठवडाभर छान वाटतं आणि मग चेहरा लाल, पातळ, केसाळ होतो. फार असतील तर त्वचारोगतज्ज्ञ.

लटकून उंची वाढते का?

नाही. हाडांच्या टोकांजवळची वाढीची पट्टी बंद होईपर्यंतच उंची वाढते. मुली आधी वाढतात आणि पाळी आल्यावर बहुधा पाच-सात सेंटिमीटरच. मुलं साधारण दोन वर्षं उशिरा, पण जास्त काळ वाढतात. झोप, पोटभर जेवण, खेळ. पावडरी नकोत.

मी मुलगा आहे आणि मला मुलंच आवडतात. मी आजारी आहे का?

नाहीस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहणार नाहीत असा निकाल दिला. या वयात आवड कधी पक्की वाटते, कधी बदलते. आजच नाव ठरवायची घाई नाही. तुला ‘सरळ’ करून देतो म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नकोस. डॉक्टरने असं करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरतो. घरी लगेच सांगायलाच हवं असंही नाही. आधी विश्वासाचा एक मोठा माणूस शोध.

मुलगा म्हणून वाढवलंय पण आतून मुलगी वाटतं, किंवा उलट, अशाही चिठ्ठ्या येतात. त्यांनाही माझं हेच सांगणं: तू एकटा किंवा एकटी नाहीस, आणि तुला वाटतं ते खरं आहे.

आम्ही दोघंही पंधराचे. प्रेम आहे. यात गुन्हा काय?

आवडणं, चिठ्ठी लिहिणं, कुणासाठी रात्री झोप न लागणं, यात काहीच गुन्हा नाही. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यात १८ खालच्या मुलाची किंवा मुलीची लैंगिक संबंधाला दिलेली संमती धरली जात नाही, दोघांनी मनापासून दिली असली तरी. मुलावर गुन्हा दाखल होतो, शाळा सुटते, वर्षं जातात. मला हा कायदा तुमच्या वयाच्या प्रेमावर फार जड वाटतो, पण आज तो असा आहे आणि तुम्हाला माहीत असायला हवा.

दिवस गेले असतील तर लपवू नकोस, गावठी उपाय करू नकोस. आईला, बाईंना, कुणाला तरी आजच सांग. १८ खालच्या मुलीला २४ आठवड्यांपर्यंत, पालकांच्या संमतीने, सुरक्षित गर्भपात कायद्याने मिळू शकतो. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना देण्याच्या माहितीत डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे.

मी त्याला माझा फोटो पाठवला. आता तो व्हायरल करीन म्हणतो.

चूक धमकी देणाऱ्याची आहे. पैसे देऊ नकोस, आणखी फोटो पाठवू नकोस, चॅट पुसू नकोस. तो पुरावा आहे. मोठ्या माणसाला सांग आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कर. पालकांनो, अशा वेळी मुलीच्या हातातून मोबाइल हिसकावून तिला मारलंत तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही.

सायकल चालवून ‘पडदा’ फाटला तर लग्नात कळेल का?

योनीच्या तोंडाशी असलेली ती लवचिक त्वचा प्रत्येकीची वेगळी असते. काहींना जन्मतः जवळपास नसतेच, कितीजणींना पहिल्या संबंधातही रक्त येत नाही. ती पाहून कुणाचा संबंध आला की नाही हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. बलात्काराच्या तपासातली ‘दोन बोटांची’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा चुकीची ठरवली ती म्हणूनच. खुशाल सायकल चालव.

काका मला नको तिथे हात लावतात. आईला सांगितलं तर तिला खरं वाटेल का?

अशी चिठ्ठी आली की त्या दिवशी मी शाळेतून लगेच निघत नाही. तुझी काहीही चूक नाही, तू नाही म्हणाली नसशील तरी, गप्प राहिलास तरी. आईला सांग. तिने ऐकलं नाही तर बाईंना, मावशीला, आजीला, कुणी ऐकेपर्यंत सांगत राहा. १०९८ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. पॉक्सो कायदा मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो. आणि हे कळलेल्या मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवता येत नाही.

आमची मुलगी मतिमंद आहे. पाळी तिला झेपत नाही. गर्भाशय काढून टाकावं का?

तुमचा थकवा मला कळतो. पण नको. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं याच कारणाने काढली गेली, आणि महाराष्ट्रात त्यावर मोठा संताप उसळला. तेव्हा वारंवार बजावलं गेलेलं एक सत्य आजही तसंच आहे: गर्भाशय काढल्याने मुलगी अत्याचारापासून सुरक्षित होत नाही, उलट अत्याचार झाल्याची खूणच मिटते. बाहुलीला पॅड लावून दाखवणं, ठरलेल्या रंगाची चड्डी, रोज एकाच वेळी बदलणं, असं करत अनेक मुली शिकतात. फारच त्रास असेल तर पाळी कमी करणारी औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

मुलांना हे सांगितलं तर ती बिघडणार नाहीत का?

२००७ साली महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण याच भीतीने थांबवलं गेलं. जगभरातले अभ्यास एकत्र करून युनेस्कोने काढलेला निष्कर्ष वेगळा आहे: अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, आणि वळतात तेव्हा जास्त सांभाळून वागतात. शाळेने थांबवलं तेव्हा मुलांचे प्रश्न काही थांबले नाहीत. उत्तरं मोबाइल देऊ लागला, आणि पॉर्नमध्ये मुलं जे पाहतात त्यात ना संमती असते, ना खरी शरीरं.

एक मोठं भाषण देऊ नका, जमणारही नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंघोळ घालताना नाक, कान, शिश्न, योनी अशी सगळी नावं एकाच सुरात सांगा. आठव्या वर्षी मुलीला पाळीबद्दल सांगा, आणि त्याच दिवशी मुलालाही. स्वयंपाक करताना, गाडीवर मागे बसलेला असताना, नजर भिडत नाही तेव्हा मुलं जास्त बोलतात. उत्तर येत नसेल तर ‘उद्या विचारून सांगते’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.

ता. क.: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्ही लस ९व्या वर्षापासून देता येते, मुलग्यांनाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ मध्ये आली. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

हे सगळं विचारायला जायचं कुठे?

सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची किशोरवयीनांसाठीची केंद्रं आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. तपासणी, समुपदेशन फुकट. मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

‘बहिणीची पाळी सुरू झाली. आई ऊसतोडीला गेली आहे, घरी आजी आणि मी. मी काय करू?’

आठवीतल्या एका मुलाची चिठ्ठी. तिचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

आधी तिला सांग की हे लागलेलं नाही, आजार नाही, सगळ्या मुलींना होतं. दुकानातून किंवा आशाताईंकडून पॅड आण. काळी पिशवी मागायची गरज नाही. स्वच्छ चड्डीला पॅड कसा चिकटवायचा ते आशाताई दाखवतील. पोट दुखत असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून दे. त्या दिवशी पाणी तू भर. उद्या ती शाळेत येणार नाही म्हणाली तर तिच्या दप्तरात एक जास्तीचा पॅड ठेव आणि तिच्याबरोबर चालत ये. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला पेन्सिलीने छोटी फुली मार. पुढच्या महिन्यात साधारण कधी तयार राहायचं, ते तिला त्यावरून कळेल.